कोल्हापूरबाहेर राहून शाहू स्टेडियमवरचे सामने लाइव्ह कसे बघता?

पेठकरी

राम राम मंडळी.

मंगळवार पेठेत वाढलो, आता नोकरीमुळं जर्मनीत, स्टुटगार्टला. इथं फुटबॉलला तोटा नाही. बुंडेसलीगा घरबसल्या बघायची तर स्काय आणि डाझोन अशा दोन वर्गण्या भराव्या लागतात, पण पैसे मोजले की चित्र लख्ख. एकच गोल चारी बाजूंनी फिरवून फिरवून दाखवतात. मला मात्र हवा असतो शाहू स्टेडियमवरचा चारचा सामना. आमचा संघ पाटाकडील, त्यामुळं पाटाकडील विरुद्ध कुणीही चालेल.

हिवाळ्यात आम्ही भारताच्या साडेचार तास मागं, म्हणजे चारचा सामना इथं सकाळी साडेअकराला. मार्चअखेर घड्याळं पुढं सरकली की साडेबाराला. वेळ सोयीची आहे. पण कधी यूट्यूबवर एकाच सामन्याची तीन-तीन प्रक्षेपणं सापडतात, कधी एकही नाही. कधी ऐन पेनल्टीला चित्र थिजतं आणि परत येतं तेव्हा पोरं मैदानात नाचत असतात. गोल कुणी मारला ते कळायला दहा मिनिटं.

तुम्ही काय जुगाड करता ते लिहा. आणि माझं एक म्हणणं आहे, तेही मांडतो. हे सामने आपल्याला फुकट दिसतात ते चार पोरं उन्हात कॅमेरा लावून उभी राहतात म्हणून. गावात असताना आपण तिकीट काढूनच स्टँडमध्ये बसायचो. मग बाहेर गेलेल्यांनी या पोरांचा खर्च उचलायला नको का?

चाकणची_शिफ्ट

पुण्यात असून आमची तीच गत. दुसरी शिफ्ट असली की चारचा सामना हुकलाच. पहिली असली तर कंपनीच्या बसमध्ये फोनवर. बसमध्ये कोल्हापूर-सांगलीकडचे आम्ही पाच-सहा जण, एकाच फोनवर सगळे वाकलेले. रेंज गेली की सगळ्या बसला कळतं.

जुगाड एकच, क्वालिटी 'ऑटो'वर ठेवायची नाही. आधीच ४८०पी करायची. ऑटोवर ते वरखाली होत राहतं आणि तिथंच अडकतं. दोन तासाला साधारण एक जीबी जातो.

दिलबहार_कायम

पेठकरी, "पाटाकडील विरुद्ध कुणीही" म्हणालात, म्हणजे आमच्या दिलबहार संघाचं नाव घ्यायला अजून धजत नाही म्हणायचं. चित्र थिजतं ते बरंच आहे की, गोल खाल्लेला तरी दिसत नाही. ;)

पेठकरी

@दिलबहार_कायम, आलास का भावा! तू आल्याशिवाय धागा पेटत नाही. हंगामात भेटू.

सातासमुद्री

कॅलिफोर्निया. चारचा सामना आमच्याकडं रात्री अडीचला, उन्हाळी वेळ लागली की साडेतीनला. सकाळी ऑफिस असतं, त्यामुळं आठवड्यातले सामने लाइव्ह बघणं बंद केलंय. उठल्यावर पूर्ण सामना बघतो, फक्त निकाल कळू द्यायचा नाही. हेच खरं अवघड.

आमच्या तालमीचा व्हॉट्सॅप ग्रुप, शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सगळे रात्रीच म्यूट करून ठेवतो. तरी कुणीतरी स्टेटसला गुलाल उधळलेला फोटो टाकतोच. त्यावरून निकाल कळतो. यूट्यूब उघडलं की पहिल्याच व्हिडिओच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत '२-१'. प्रक्षेपण करणाऱ्यांना हात जोडून विनंती, निकाल चित्रावर टाकू नका हो. पूर्ण सामन्याच्या चित्रावर फक्त दोन संघांची नावं असू द्यात, निकाल आत कळेल.

खर्चाबद्दल पेठकरी यांच्याशी सहमत.

स्टँडमधला_काका

मी या सगळ्याच्या थोडा विरुद्ध आहे. राग मानू नका.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींनी वाढवला. कुस्तीच्या तालमी, त्यातल्याच पोरांचे संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, जुना बुधवार, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर, वेताळमाळ. नावं वाचली तरी पेठांचा नकाशा डोळ्यांपुढं येतो. या खेळाचा जीव मैदानावरच्या माणसांत आहे. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० सालापासून आहे, त्यातली बहुतेक वर्षं सामना बघायचा म्हणजे स्टेडियम गाठायचं, दुसरा रस्ताच नव्हता. दुकान बंद करून, सायकल हाणत माणसं यायची. आता दहा मिनिटांवर राहणारा पोरगा मला सांगतो, "काका, मोबाइलवर बघतोय की." आठवड्यातल्या सामन्याला स्टँड ओकाबोका दिसतो तेव्हा पोटात तुटतं.

परगावच्यांनी खुशाल बघावं. पण गावातल्यांना घरी बसायची सवय लागली तर पोरं खेळणार कुणासमोर?

मँचेस्टरवासी

काका, तुमच्या मुद्द्यावर इंग्लंडमध्ये अख्खा नियम आहे. हंगामात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत इथं टीव्हीवर किंवा ऑनलाइन कुठलाच फुटबॉल सामना लाइव्ह दाखवता येत नाही. १९६०च्या दशकापासूनची ही पद्धत. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. मोठे सामने टीव्हीवर दिसले तर खालच्या विभागातल्या लहान क्लबांची तिकिटं कोण काढणार, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळं आमच्या घरी दर शनिवारी एक गंमत होते. तीनचा प्रीमियर लीगचा सामना मला इथं इंग्लंडमध्ये बसून बघता येत नाही, आणि माझे बाबा कोल्हापुरात राजारामपुरीत, हिवाळ्यात रात्री साडेआठला, चहा पीत तोच सामना बघतात. मी रेडिओवर कॉमेंट्री लावते आणि फोन चालू ठेवते. बाबांचं प्रक्षेपण रेडिओच्या मागं असतं, त्यामुळं गोल मला आधी कळतो. मी गप्प बसायचं, असा आमचा करार. एकदा माझ्या तोंडून "आला!" निघून गेलं, तर बाबांनी फोनच ठेवला.

पण एक सांगते. इथली लहान मैदानं त्या नियमानं जगली की गावाच्या प्रेमानं, यावर इथलेच लोक भांडत असतात. आणि पेठकरी, रविवारी सकाळी साडेदहाला मीही शाहू स्टेडियमच लावते. इथले नवरोबा विचारतात, "धिस इज विच लीग?" मी सांगते, आमच्या घराशेजारची.

केबलवाला

धागा वाचत होतो, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्रक्षेपण करणाऱ्या पोरांपैकी मी एक. चॅनेलचं नाव सांगत नाही, जाहिरात नको.

चित्र का थिजतं ते सांगतो. प्रेक्षकांना वाटतं आपलं नेट खराब. बहुतेक वेळा अडचण आमच्या बाजूला असते. बघायला डाउनलोड लागतं, दाखवायला अपलोड. ७२०पी चित्र स्वच्छ जायचं तर ४ एमबीपीएसच्या आसपास अपलोड सलग, न तुटता मिळालं पाहिजे. सिमकार्डवर सकाळी चाचणी घेतली की हे आरामात मिळतं. मग सामना सुरू होतो, स्टँड भरतो आणि हजारो फोन एकाच टॉवरला चिकटतात. गोल झाला की प्रत्येकजण व्हिडिओ पाठवायला लागतो. म्हणजे सगळ्यात मोठ्या क्षणालाच अपलोड बसतं. पेनल्टीला चित्र अडकतं ते याचमुळं, पेठकरी.

उपाय म्हणजे वायरीचं फायबर कनेक्शन. आम्ही जवळच्या एका ओळखीच्या जागेतून केबल ओढून आणली, मध्ये रस्ता ओलांडायला दोन खांब लागले. तेव्हापासून तुटणं खूप कमी झालं. मोठ्या सामन्याला वेगळ्या कंपनीचं सिम राखीव म्हणून लावून ठेवतो.

उशिराचं कारण वेगळं. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून ते पाठवले जातात आणि तुमचा फोन दोन-चार तुकडे साठवून मगच दाखवायला सुरुवात करतो. यूट्यूबवर आम्हाला उशीर कमी करायचा पर्याय असतो. तो निवडला की साठा कमी पडतो आणि कमकुवत नेटवाल्यांचं चित्र जास्त अडकतं. चाकणच्या बसवाल्यांसाठी आम्ही मुद्दाम साधा पर्याय ठेवतो. उशीर चालेल, सलग दिसू दे.

दुसरी डोकेदुखी सावलीची. संध्याकाळी अर्ध्या मैदानावर स्टँडची सावली येते. कॅमेरा आपोआप उजेड ठरवणारा असेल तर चेंडू उन्हातून सावलीत गेला की पाच सेकंद काळोख. म्हणून उजेड हातानं लावावा लागतो आणि दर पाच-दहा मिनिटांनी बदलावा लागतो. आमच्यातला एक पोरगा पूर्ण सामना फक्त तेवढंच करतो. सामना त्याला दिसतच नाही.

आणि गाणी! हाफटाइमला भोंग्यावर सिनेमाचं गाणं लागलं की कॉपीराइटचा दावा येतो, नंतर त्या भागाचा आवाज बंद होतो किंवा पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. हलगी वाजली तर काही अडचण नाही. हलगी वाजवा भावांनो.

सातासमुद्री

@केबलवाला, सलाम तुम्हाला. तो सावलीवाला पोरगा कोण असेल त्याला आमच्याकडून तांबडा-पांढरा.

जहाजी

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत. आमच्याकडची परिस्थिती जरा निराळी आहे.

जहाजावर आता उपग्रहाचं इंटरनेट असतं, पण खलाशाला महिन्याला ठरावीक डेटा मिळतो आणि त्यातूनच घरी व्हिडिओ कॉल करायचा असतो. पोरीचं तोंड बघू की सामना बघू? त्यामुळं मी चित्राच्या नादी लागत नाही. फक्त आवाज मिळाला तर नव्वद मिनिटांना चाळीस-पन्नास एमबी पुरतात. आमच्याबरोबर गोव्याचे दोघं आहेत. २२ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवा विरुद्ध अल नासर (रोनाल्डोचा सौदी क्लब) सामना होता, त्या रात्री इंजिन कंट्रोल रूमच्या बाहेर ते दोघं एक इअरफोन वाटून बसले होते. ब्रायसन फर्नांडिसनं गोल केला तेव्हा त्यांनी मारलेली आरोळी मशिनच्या आवाजातूनही आम्हाला ऐकू आली. सामना गोव्यानं २-१ असा गमावला, पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला चर्चा फक्त त्या एका गोलाची.

केबलवाला, तुमच्या कॉमेंट्रीचा नुसता आवाज वेगळा देता येईल का? आमच्यासारख्यांवर उपकार होतील.

मडगावकार

@जहाजी, त्या रात्री मी फातोर्ड्याला होतो. रोनाल्डो आला नाही म्हणून लोक आधी हिरमुसलेले, पण ब्रायसनच्या गोलला सगळं स्टेडियम एकदम उभं राहिलं. तुमच्या दोघां गोंयकारांना देव बरें करूं म्हणून सांगा.

आमच्याकडचा अनुभव: कुवेत, दुबई, लंडन, लिस्बन असे गोंयकार सगळीकडे. गावच्या संघाचा सामना कोणीतरी फेसबुकवर फोन धरून दाखवतो आणि खाली प्रत्येक वाड्याची माणसं एकमेकांची विचारपूस करत बसतात. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, सगळं तिथंच. निम्म्यांचं लक्ष सामन्याकडे नसतंच.

नियमावली

व्हीपीएनचा विषय निघेलच म्हणून आधीच लिहितो. मोठ्या लीगांचे हक्क देशवार विकले जातात. म्हणून भारतात पैसे भरलेलं ॲप परदेशात गेल्यावर "तुमच्या भागात उपलब्ध नाही" म्हणतं. व्हीपीएन लावून देश बदलून दाखवणं बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. युरोपीय संघात मात्र १ एप्रिल २०१८ पासून नियम आहे की एका सदस्य देशात पैसे भरून घेतलेली सेवा दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरते गेलात तरी चालली पाहिजे. पेठकरी, इटलीला सुट्टीवर गेलात तरी तुमची जर्मन वर्गणी चालेल.

कोल्हापूरच्या सामन्यांना यातलं काहीच आड येत नाही. जगात कुठूनही दिसतात. ही केवढी मोठी चैन आहे, ते मोठ्या लीगांसाठी तीन-तीन ॲप घेणाऱ्यांना विचारा.

खेळाडूची_आई

पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा वरिष्ठ गटात खेळतो. संघ सांगत नाही, नाहीतर वरचे दोघे भांडतील.

मी इचलकरंजीत नोकरी करते. दुपारी सुटी मिळत नाही आणि खरं सांगायचं तर स्टँडमध्ये बसून त्याच्या नावानं ओरडणारी माणसं ऐकवत नाहीत. घरच्यांना तो कसा खेळतो हे आधी फक्त दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळायचं, तेही त्यानं गोल केला तरच. तो बचावफळीत आहे, त्यामुळं नाव क्वचितच यायचं. या प्रक्षेपणामुळं मी त्याला खेळताना बघते. तो कुठं उभा राहतो, साथीदाराला हात करून कसा मागं बोलावतो, हे पेपरात कधीच आलं नसतं.

एक विनंती आहे. शेजारच्या चॅटमध्ये जे लिहितात ते आया वाचत असतात.

चाकणची_शिफ्ट

ताई, तुमचं म्हणणं एकदम बरोबर. गेल्या हंगामात चॅट वाचवत नव्हतं. पेठेवरून शिव्या, खेळाडूच्या घरावरून शिव्या. आणि फोनवर पेटलेलं भांडण दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेर येतं. हुल्लडबाजीमुळं सामने थांबलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. मग नुकसान खेळाडूंचंच.

स्टँडमधला_काका

आईंचा प्रतिसाद वाचला. माझं मत थोडं हलवलंत तुम्ही. नोकरीवरची आई, जहाजावरचा माणूस, यांना मैदान गाठा म्हणणं बरोबर नाही. पण पेठेतल्या पोरांनो, तुम्ही या हो.

एक जुनी गोष्ट आठवली. ९ ऑक्टोबर २०१७. १७ वर्षांखालील विश्वचषक, दिल्लीत भारत विरुद्ध कोलंबिया. आपला अनिकेत जाधव त्या संघात होता. तेव्हा आम्ही म्हाताऱ्यांनी चौकातल्या टीव्हीपुढं खुर्च्या मांडल्या होत्या. जीक्सन सिंगनं हेडरनं बरोबरी साधली, भारताचा विश्वचषकातला पहिला गोल. त्यानंतर मिनिटभरात कोलंबियानं दुसरा मारला तो भाग निराळा. पण कोल्हापूरचं पोरगं तिथं धावतंय हे आम्ही दूर बसून बघितलंच होतं. तेव्हा दूर बसून बघण्याला मी नावं ठेवली नव्हती.

दिलबहार_कायम

काका, दंडवत. आणि ताई, चॅटबद्दल माझ्याकडून शब्द. पाटाकडीलला चिडवीन, पण खेळाडूच्या घरापर्यंत जाणार नाही. आमच्या ग्रुपलाही सांगतो.

केबलवाला

@खेळाडूची_आई, चॅटवर आता दोन जण नेमतो. एक पाटाकडीलचा, एक दिलबहारचा. दोघांनाही काढून टाकायचा अधिकार. म्हणजे पक्षपाताची तक्रार नको. बाहेरदेशी रात्री जागे असणाऱ्या कुणाला हे काम करायचं असेल तर सांगा, गावातले सामन्यात गुंग असतात.

@जहाजी, नुसता आवाज वेगळा देणं जमण्यासारखं आहे. आमचे कॉमेंट्रीवाले मामा चित्र दिसतंय हे गृहीत धरून बोलतात, "हा बघा, हा बघा" करतात. त्यांना सांगतो की बघणाराच नाही असं समजून बोला. चेंडू कुठल्या बाजूला आहे ते आधी, मग कुणाकडं. त्यांना आवडेल, ते रेडिओच्या काळातलेच आहेत.

@सातासमुद्री, निकाल चित्रावर टाकणार नाही. कबूल.

पेठकरी

केबलवाला, खर्चाचं कुणी स्पष्ट बोललं नाही, म्हणून परत विचारतो. पैसे नेमके कुठं लागतात आणि कसे पाठवायचे?

केबलवाला

फायबरचं महिन्याचं बिल, लॅपटॉप, बॅटऱ्या, पोरांचा चहा-वडापाव. कॅमेरा एकाचा घरचा आहे. दुसरा कॅमेरा घेऊन गोलपोस्टच्या मागं लावायचं मनात आहे, पेनल्टीवरची निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

सुपरचॅटनं, म्हणजे यूट्यूबच्या चॅटमधून, पैसे पाठवू नका, त्यातला ३० टक्के वाटा यूट्यूबकडं जातो. गावाकडच्या भावाला, मित्राला सांगून यूपीआयनं थेट द्या. अमेरिका, इंग्लंड, यूएई अशा काही देशांतल्या नंबरवर २०२३ पासून परदेशस्थ भारतीयांच्या एनआरई-एनआरओ बँक खात्याला यूपीआय जोडता येतं, तो रस्ताही आहे. हिशेब हंगामाअखेर या धाग्यावर टाकेन. कुणाकडून किती आले ते नाही, कुठं खर्च झाले ते.

आणि सामने सगळ्यांना फुकटच दिसणार. कुलूप लावणार नाही. ते लावलं तर बसमधल्या सहा जणांचा एक फोन बंद पडेल.

मँचेस्टरवासी

माझी आणि बाबांची दोघांची वर्गणी धरा. रात्रीचं नाही, पण रविवार सकाळचं चॅट सांभाळायला मी तयार आहे. माझी पेठ कुठली ते सांगणार नाही.

दिलबहार_कायम

गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्यासाठी आमच्या ग्रुपतर्फे आधी आम्ही देतो. अट एकच, तो पाटाकडीलच्या गोलमागं लावायचा. तिकडंच गोल होणार आहेत.

पेठकरी

हाफटाइमनंतर बाजू बदलतात भावा. जेवढे तू देशील तेवढेच मी देतो, दोन कॅमेरे घ्या आणि दोन्हीकडं लावा. केबलवाला, तुमचा क्रमांक मला धाग्यावर नको, व्यक्तिगत निरोपात पाठवा. रविवारच्या आत भावाकडून पोचते करतो.